मथुराबाईंच्या खोलीत काय अंथरायचं

हडपसर
सोमवार, ६ नोव्हेंबर १९७८

श्रीमती मथुराबाई यांस सर्जेरावचा नमस्कार.

नव्या घराची फरशी काल पुरी झाली. संभाजी मिस्त्रीनं चारी कोपऱ्यांत लेव्हल लावून बघितली आणि "आता ह्यावर लोटा ठेवा, पाणी हलायचं न्हाई" असं सांगून तो मोकळा झाला. दुसरी बातमी त्याहून मोठी. डॉक्टरीणबाईंनी उल्काला तपासलं. सगळं ठीक आहे, तारीख फेब्रुवारीतली आहे, पण रक्तदाब थोडा वर आहे, तेव्हा जिने चढणं-उतरणं आजपासून बंद, असं त्यांनी आमच्या मच्छिंद्रला स्पष्ट बजावलं.

आता अडचण अशी. उल्काचे आईवडील गेल्यावर तुम्ही आत्या असून तिला आईसारखं वाढवलं. तिचं माहेर म्हणजे तुम्ही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज तुमच्यातही आहे आणि आमच्यातही. पण तुमचं माहेर पडलं तिसऱ्या मजल्यावर. आमची ही म्हणाली, "पोरीला माहेरी न्हेता येईना, तर माहेरच हितं आणा की." तुळजाबाई सहसा बरोबर बोलते, पण एवढं बरोबर कधी बोलली नव्हती. म्हणून पूर्वेकडची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे. तिला लागूनच उल्काची.

पोरांच्या लग्नाला तीन वर्षं झाली. ते कोर्टात झालं, त्याचा राग ना तुम्ही धरला ना आम्ही. आम्ही तुमच्याकडे येऊन पोहे खाल्ले. तुमचं पाऊल मात्र आमच्याकडं अजून लागलं नाही. जुन्या घरात सारवलेली जमीन, दारात गुरं. मीही आग्रह केला नाही. आता करतो.

आणि एक विचारायचं होतं. फरशी मोझॅकची आहे आणि थंडीत पाय ठेववत नाही. खाली काहीतरी अंथरलं पाहिजे. लक्ष्मी रस्त्यावर गेलो, तर दुकानदारानं सुताची सतरंजी, लोकरीचा गालिचा, काथ्याचं जाड काहीतरी, तागाचं आणि नायलॉनचं हिरवंगार, एवढं पुढ्यात टाकलं की मी त्या ढिगावर बसून चहा घेतला आणि हात हलवत परत आलो. मच्छिंद्र म्हणतो नायलॉन घ्या, झाडायला सोपं. ही म्हणते घोंगडी काय वाईट हाय? तुम्ही इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलंत, कापडातलं तुम्हाला कळतं. तुम्ही त्यावर बसणार, बाळ त्यावर रांगणार. काय घेऊ ते कळवा.

आपला,
सर्जेराव


नारायण पेठ
शुक्रवार, १० नोव्हेंबर

रा. रा. सर्जेराव यांस नमस्कार.

पत्र पोचलं. उल्काची बातमी वाचून बरं वाटलं. रक्तदाबाचं वाचून वाटलं नाही. तिला लोणचं बंद करा. मागेल, रडेल, तरी देऊ नका.

फरशीबद्दल अभिनंदन. तुमच्या लोट्यातलं पाणी हलत नाही. आमच्याकडे सकाळी नऊनंतर लोट्यात पाणीच नसतं, त्यामुळे आमचीही फरशी उत्तम म्हणायला हरकत नाही.

अंथरण्याचं म्हणाल तर मी मुलींना काजं आणि हातशिलाई शिकवली, गालिचे नाही. तरी विचारलंत म्हणून सांगते. नायलॉनचं नाव काढू नका. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी येणार. ठिणगी उडाली तर सुताला भोक पडतं, नायलॉन वितळून पायाला चिकटतं. झाडायला सोपं असं मच्छिंद्र म्हणतो. घरात झाडतं कोण, ते त्याला एकदा विचारा. काथ्याची जागा दाराबाहेर. त्यावर चपला पुसाव्यात, मूल सोडू नये, गुडघे सोलून निघतील. तागाचं दिसायला बरं असतं, पण मूल ते ओलं करणार, आणि ओला ताग वाळेपर्यंत घरात कांद्याची पोती भरल्यासारखं वाटतं. तुम्हाला सवय असेल, उल्काला नाही.

लोकरीच्या भानगडीत पडू नका. कसर लागते.

सुती सतरंजी पुरे. धुता येते, उन्हात टाकता येते, फाटली तर शिवता येते.

माझ्या येण्याचं नंतर पाहू. तिसरा मजला मी हौसेनं घेतलेला नाही, भाडेकरूला मजला निवडता येत नसतो. खाली एखादी खोली चार महिन्यांपुरती मिळते का, हे मी विचारते आहे. माहेरचं काम माहेरी झालेलं बरं.

तुळजाबाईंना नमस्कार सांगा.

मथुराबाई


हडपसर
रविवार, २६ नोव्हेंबर

श्रीमती मथुराबाई यांस,

तुमचं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मच्छिंद्र कामावर जायच्या आधी सोपा झाडतो. कंपनीतल्या लोकांना सांगू नका म्हणतो. उल्काचं लोणचं बंद केलं आहे. ती शेजारी जाऊन खाते, तिथंही मी सांगून आलो.

पण बाई, एक मनाला लागलं. "सतरंजी पुरे" असं तुम्ही लिहिलंत. सतरंजी आमच्या मळ्यातल्या गड्यांनाही असते. ज्या बाईनं आपली लेक आमच्या घरात दिली, ती पहिल्यांदा येणार आणि मी तिला सतरंजी टाकू? तुम्ही आमच्या खर्चाला जपता, की आमच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवत नाही, हे मला कळेना. म्हणून मी वास्तुशांत केलेल्या यज्ञेश्वर गुरुजींना गाठलं. त्यांना म्हटलं, आमच्या विहीणबाई नारायण पेठेतल्या, सोवळ्याच्या. आमच्या घरी कोण कुठून येतं, कोण कशावर बसतं, त्याला धरबंध नाही. काय अंथरलं म्हणजे त्यांना अडचण होणार नाही? गुरुजी लगेच म्हणाले, "लोकर. लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही. वाटेल त्यानं पाय देऊ दे, ती शुद्धच."

तेव्हा लोकर ठरली, आणि नुसती ठरली नाही, विणूनही झाली. सासवडच्या बाजूला आमच्या ओळखीचे विणकर आहेत. दुकानातल्यासारखी रंगीत नाही, मेंढीचाच रंग, काळा आणि पांढरा. हाताच्या बोटाएवढा जाड गालिचा. बैठकीत भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि तुमच्या खोलीतही. कसरीचं तुम्ही लिहिलंत त्यावर हिनं कडुलिंबाचा पाला वाळवून तयार ठेवला आहे.

आता तुमचं सोवळं कुठं अडायचं नाही. हे मोकळेपणानं लिहिलं, राग मानू नका. डोहाळजेवण सतरा डिसेंबरच्या रविवारी आहे. त्या दिवशी या, घर बघा, खोली बघा आणि मग राहायचं ठरवा.

सर्जेराव


नारायण पेठ
शुक्रवार, १ डिसेंबर

रा. रा. सर्जेराव यांस,

"राग मानू नका" असं कोणी लिहिलं की माणूस रागाचं कारण शोधू लागतो. मला फार शोधावं लागलं नाही.

माझं सोवळं देवघरापुरतं आणि सकाळच्या स्वयंपाकापुरतं आहे. तेसुद्धा रेशमी पातळ नेसून. लोकरीची धाबळी मी कधीच सोडली. तुमच्या बैठकीत कोण बसतं याची मला अडचण नव्हती आणि नाही. असती, तर उल्काला तुमच्याकडे नांदायला पाठवताना मी गप्प बसले नसते. गप्प बसण्याबद्दल माझी पेठेत ख्याती नाही. तीन वर्षं आले नाही त्याची कारणं वेगळी आहेत, ती माझ्यापाशी राहू द्या. सतरंजी पुरे म्हणजे सतरंजी पुरे. त्यात खर्च नव्हता आणि मानही नव्हता.

यज्ञेश्वर गुरुजींना वेळ असेल तर नायलॉन सोवळ्यात धरायचं की ओवळ्यात, तेही विचारून ठेवा. पुढच्या पिढीला लागेल.

आता विणलंच आहे तर काय बोलणार. खालच्या मंदाकिनीबाई मुलीकडे राहायला जाणार होत्या, त्यांचा बेत बदलला, तेव्हा तळमजल्याची खोली काही मिळत नाही. डोहाळजेवणाला येते. उल्कासाठी हिरवी साडी घेतली आहे. तिला आधी सांगू नका.

मथुराबाई


हडपसर
मंगळवार, १९ डिसेंबर

प्रिय आत्या,

हे पत्र मी मामंजींना दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही.

परवा तू आलीस तेव्हा मी आतल्या खोलीत होते. बायकांनी मला फुलांनी मढवलं होतं आणि कोणी उठू देत नव्हतं. "बाई आल्या, बाई आल्या" एवढं ऐकू आलं. मी दारापर्यंत आले तेव्हा तू उंबऱ्यावर उभी होतीस, एक हात चौकटीवर. मामंजी म्हणत होते, "या बाई, बसा, तुमच्यासाठीच विणलाय." तू एक पाऊल टाकलंस. आणि मग पदर नाकाला लावून ते मागे घेतलंस.

सगळ्या बघत होत्या, आत्या. माझ्या सासरची सगळी बायामाणसं. तू साडीचं पुडकं माझ्या हातात दिलंस, "मला वेळ नाही" म्हणालीस आणि उलट पावली रिक्षात जाऊन बसलीस. रविवारी दुपारी तुला कसला वेळ नव्हता? सासूबाई हळूच म्हणाल्या, पण मी ऐकलं, "आमच्या घराचा वास येतो व्हय बाईंना?" त्यांनी मला काल न्याहारीपासून रात्रीपर्यंत एकदाही जाणवू दिलं नाही की त्यांना लागलंय. तेच मला जास्त लागलं.

बायका गेल्यावर मामंजींनी एकट्यानं तो गालिचा गुंडाळला. दोन माणसांचं काम होतं. हे मदतीला गेले तर "राहू दे" म्हणाले. मग "जेवायचं न्हाई" म्हणून मळ्यात निघून गेले. त्या पंधरा दिवसांत ते विणकराकडे किती वेळा गेले हे मी बघितलंय. पांढरी लोकर मध्ये घ्यायची की काठाला, यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा झाली आहे.

तू मला सांगितलं होतंस की तुला या घराबद्दल काही वाटत नाही. मी ते सगळ्यांना सांगत आले. आता काय सांगू? तू बाळंतपणाला येणार नसशील तर तसं सरळ लिही. मी वाट बघणं थांबवीन.

तुझी,
उल्का

साडी सुंदर आहे. तू गेल्यावर तीच नेसून बसले.


नारायण पेठ
रविवार, २४ डिसेंबर

चि. सौ. उल्कास अनेक आशीर्वाद.

वाट बघणं तू थांबवशील यावर माझा विश्वास नाही. लहानपणी मला शाळेतून यायला उशीर झाला की तू खिडकीतून हलत नव्हतीस, शेजारणी जेवायला बोलावून थकायच्या.

पदर नाकाला लावला तो वासासाठी नाही. तीन हिवाळे झाले, मला दम लागतो. डॉक्टरांनी त्याला दमा म्हटलं आहे. पिंजलेल्या कापसाचा धुरळा, लोकरीचे सुटे बारीक तंतू म्हणजे कूस, धूर, यातलं काही नाकात गेलं की छातीतून शिट्टी वाजते. गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा मी सर्दी झाली म्हणाले होते, ती सर्दी नव्हती. त्या दिवशी तुमच्या बैठकीत नवी कोरी लोकर, उदबत्त्या, बंद खिडक्या आणि ती गर्दी. उंबऱ्यातच कळलं की अजून एक पाऊल टाकलं तर मी सगळ्यांच्या देखत तिथंच बसेन. डोहाळजेवणात आत्याबाई धापा टाकताहेत, हे मला तुझ्या पानात वाढायचं नव्हतं. रिक्षात बसले, तरी हडपसरचा गाडीतळ मागे पडेपर्यंत श्वास मोकळा झाला नाही.

"मला वेळ नाही" हे बोलायला नको होतं. पण उल्के, त्या वेळी मला तीनच शब्द बोलता येत होते. दुसरे तीन सुचले नाहीत.

आता तू विचारशील, आधीच का नाही सांगितलं. बाळंतपणाला माहेरचं माणूस लागतं ते कशाला? शेक द्यायला, धुरी द्यायला, शेगडीपाशी बसायला. धुरीनं जिचाच जीव घुसमटतो ती कसलं बाळंतपण करणार? सर्जेरावांनी तुझं माहेर म्हणून खोली बांधली. तिथं मी जाऊन आजारी पडले तर तुळजाबाई एका बाळंतिणीचं करतील की दोघींचं? तिसरा मजला मी हल्ली दिवसातून एकदाच उतरते, कधी तेही नाही. भाजी मंदाकिनीबाई आणून देतात. खालची खोली मी तुझ्यासाठी विचारत होते असं लिहिलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

हे तिकडे सांगू नकोस. त्यांना सोवळं वाटतंय ते वाटू दे. सोवळ्याला माणसं मान देतात, दम्याची कीव करतात. दोन्हींत मला मान बरा.

पायावर सूज येते का ते कळव.

तुझी,
आत्या


हडपसर
रविवार, १४ जानेवारी १९७९

श्रीमती मथुराबाई यांस नमस्कार आणि संक्रांतीचा तिळगूळ.

उल्कानं सांगितलं. सांगू नको म्हणून तुम्ही लिहिलंत तेसुद्धा सांगितलं. तिच्यावर रागावू नका. तुमचं पत्र आल्यापासून ती पुरती गप्प होती, आणि आमची ही तिच्यासमोर जाऊन बसली ती सांगेपर्यंत उठलीच नाही. हिच्यापुढं पोलीससुद्धा टिकायचा नाही.

तुळजाबाईचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. "अवो बाई, तोंडानं सांगायचं की! माझ्या गुडघ्याचं मी सगळ्या आळीला सांगत फिरते, कुणी माझी कीव करत न्हाई, उलट लपून बसत्यात. आन् मी काय बोलले ते उल्कानं कळवलं आसंल. बोलले ते बोलले. आता तुम्ही या आन् मला चार शब्द सुनवा, म्हंजे फिटलं." एवढं सांगून ती तिळाच्या वड्या थापायला गेली.

मला काय वाटलं ते सांगतो. तुम्ही सतरंजी म्हणालात तेव्हा मी ती घेतली असती तर झालं असतं. मला वाटलं, माझ्या ऐपतीचा सवाल आहे. तुमच्या मनात तुमच्या छातीचा सवाल होता. दोघं आपापल्या घरी बसून दुसऱ्याच गोष्टीवर पत्रं लिहीत होतो. तो गालिचा मी झटकून बाहेरच्या ओट्यावर टाकला आहे. यज्ञेश्वर गुरुजी येता-जाता त्यावर बसतात आणि म्हणतात, शास्त्राप्रमाणं आहे. असू दे.

धुरीचं डॉक्टरीणबाईंना विचारलं. मी, उल्का आणि ही, तिघं गेलो होतो. त्या म्हणाल्या, बंद खोलीत धूर नकोच, नव्या बाळालाही तो सोसत नाही. ही म्हणाली, "माझी चारही लेकरं धुरीत वाढली." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणूनच तुमचा मच्छिंद्र अजून खोकतो का?" घरी आल्यावर ही म्हणाली, शेगडी मागच्या न्हाणीत राहील, शेक मी तिथं देईन, आंघोळही मी घालीन, खोलीत धूर आणायचा नाही. ठरलं.

आता तुम्ही विचाराल, मग मी काय करू. बाई, माहेरचं माणूस कामाला नाही बोलवत. कामाला इथं माणसं आहेत. पोर कळा देताना ज्याच्याकडं बघून ओरडेल, असं एक माणूस घरात लागतं. सासूकडं बघून सून ओरडत नाही, ती ओठ चावते. हे तुळजाबाईचंच म्हणणं आहे, मी नुसतं लिहितो आहे. शिवाय उल्का आता कोणाचं ऐकत नाही, हिला सुनेवर रागवायला जमत नाही. तो हक्क तुमचा आहे.

आणि तुम्ही आजारी पडलात तर दोघींचं करायला ही खंबीर आहे. तिलाच विचारून लिहिलं.

आता खरं सांगा. तुमच्या खोलीत काय अंथरू?

सर्जेराव


नारायण पेठ
गुरुवार, १८ जानेवारी

रा. रा. सर्जेराव यांस नमस्कार.

तिळगूळ पोचला. वड्या उत्तम झाल्या आहेत, गूळ एक कणभर पुढे गेला आहे. गोड बोलायचा प्रयत्न करते, पण एका पत्रात सगळं होणार नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते पोचल्यावर उत्तर लिहायला दोन दिवस लागले, याचा अर्थ तुम्ही लावा. मला पत्राला उत्तर द्यायला सहसा इतका वेळ लागत नाही.

सतरंजी घ्या. सुती, घट्ट विणीची. नख घालून बघा, धागा सैल होऊन वर आला तर परत करा. सैल सुताची कूसही नाकात जातेच. टोकांना झालर नको, मूल पहिलं काम ती तोंडात घालण्याचं करतं. गर्द लाल घेऊ नका, रंग जातो. दुकानातच पांढरं फडकं ओलं करून घासून बघा. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे. सबंध खोलीभर एकच घेऊ नका. ओली झालेली मोठी सतरंजी पिळायला दोन गडी लागतात, आणि मग ती धुतलीच जात नाही. दोन लहान घ्या, एक अंगणात वाळत असताना दुसरी खाली असते. कोरी आणल्यावर अंथरण्याआधी दोनदा धुवा, खळ आणि सुटी कूस निघून जाऊ दे. थंडीसाठी जाड काही आणू नका, सतरंजीची दुहेरी घडी पुरते.

एक महत्त्वाचं. मोझॅकवर सतरंजी सरकते. उल्का आता जड आहे, तिचा पाय घसरता कामा नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून चारी कोपऱ्यांना खालून टाचा. मोठ्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं. मच्छिंद्रला सांगा, झाडणं जमलं तसं हेही जमेल.

मला खाली बसता येतं, उठता येत नाही. एक खुर्ची ठेवा.

तुळजाबाईंना सांगा, चार शब्द सुनवायला मी येईन, पण त्यांच्या प्रश्नात चूक नव्हती. नाकाला पदर लावून कोणी माझ्या दारात उभं राहिलं असतं तर मी त्यांच्याइतकं हळू बोलले नसते.

कधी यायचं ते माझ्या डॉक्टरांना विचारून कळवते. ते नाही म्हणाले तरी कळवीन.

मथुराबाई


हडपसर
रविवार, ४ फेब्रुवारी

श्रीमती मथुराबाई यांस,

सतरंज्या आणल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणं खिशात ओलं फडकं घेऊनच दुकानात शिरलो. पहिलीनं फडकं निळं केलं, दुसरीनं गुलाबी. तिसरीला नख लावलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मामा, सतरंजी घेताय की सून पसंत करताय?" मी म्हटलं, सून पोरानं न विचारता पसंत केली आणि चांगली निघाली, सतरंजीला तेवढी खात्री नाही. तो हसला आणि मग त्यानंच आतून चांगला माल काढला. करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन. दोनदा कालव्यावर धुतल्या. हिनं दुसऱ्यांदा धुताना एवढ्या आपटल्या की आता त्यांत कूस काय, जीवसुद्धा उरला नसेल. ट्यूबचे तुकडे मच्छिंद्रनं टाचले. टाके वाकडे आहेत पण सतरंजी हलत नाही. मी स्वतः त्यावर जोरात चालून बघितलं, ही मागून म्हणाली, "पडा आता, म्हंजे तिघांचं करते."

डॉक्टरीणबाईंनी काल तपासलं. बाळाचं डोकं खाली आलं आहे. तारीख वीसची असली तरी त्यांच्या मते आधीही होईल. रक्तदाब आटोक्यात आहे. उल्का खोलीभर फिरते आणि खिडकीतून रस्त्याकडं बघते. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली काही नाही.

डॉक्टर काय म्हणाले?

सर्जेराव


नारायण पेठ
बुधवार, ७ फेब्रुवारी

रा. रा. सर्जेराव यांस,

डॉक्टर हो म्हणाले. नुसते हो नाही, तिसऱ्या मजल्यावरून खाली राहायला जाताय हे तुमच्या छातीला माझ्या औषधापेक्षा उपयोगी आहे, असं म्हणाले. मग औषधही दिलंच. एक महिन्याचं बरोबर घेते आहे, पुढचं तिकडच्या दुकानात मिळेल ना, ते पाहून ठेवा. परत कधी येणार असं मंदाकिनीबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ठरलेलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले असेन.

तुळजाबाईंना आत्ताच सांगून ठेवते. मी पहाटे उठते, चहा कडक घेते, आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गप्प बसणं मला जमत नाही. त्यांनीही बसू नये. उल्काला तुमच्या देखत मी तू-तू करून रागवेन, तेव्हा मध्ये पडू नका. बाळासाठी मऊ जुन्या पातळांच्या दुपट्यांचा एक गठ्ठा शिवून झाला आहे. टोपडी तिकडे बसून शिवीन.

डॉक्टर हो म्हणाले तर रविवारी सकाळी टॅक्सी घेऊन येतो, असं मच्छिंद्रचं कार्ड आलं होतं, त्याला ये म्हणावं. जिना उतरायला घाई नको म्हणून मंदाकिनीबाईंनी प्रत्येक वळणावर एकेक स्टूल मांडायचं ठरवलं आहे. वाटेतली बिऱ्हाडं निरोप द्यायला दारात उभी राहणार, म्हणजे तळमजल्यावर यायलाच नऊ वाजतील. तिथून तुमच्याकडे तासाभराचा रस्ता. उल्काला सांगा, खिडकीत उभी राहू नकोस, पाय दुखतील, खुर्ची घेऊन बस. माझ्यासाठी ठेवली आहे तीच घे, मी येईपर्यंत ती मोकळीच आहे.

बाळ आधी पोचतं की मी, एवढंच आता बघायचं.

मथुराबाई